पहिली काडी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि नगरपालिकेच्या खाकी गणवेशातली तिची लेक बसल्या होत्या.

"मी काही जंगलात यायची नाही. गवत तूच पेटव."

"आई, गवत कधी आणि कसं जाळायचं ते आपल्या जमातीनं ठरवायचं, असं नगरपालिकेनं कबूल केलंय. आणि पहिली काडी तू लावायचीस, असं आपल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं."

"याच गवतापायी मला पोलिसांनी धरून नेलं होतं. तू पोटात होतीस तेव्हा."

"माहितीये गं."

"थोडं थोडं जाळलं की मोठा वणवा पेटत नाही, हे सांगून घसा सुकला. कोण ऐकतंय! शहर वाढलं, जंगलाला कुंपण पडलं, आणि आम्ही बाहेर."

"आता फाटक उघडंय, आई."

"हात थरथरतात माझे."

"मी धरीन."

"तू कशाला धरतेस? मोठी आलीय साहेबीण!"

"बरं, नाही धरत."

"धर. पण चारचौघांना दिसेल असं नको."

बस जंगलाच्या फाटकाशी थांबली. तिथं अग्निशमन दलाची गाडी उभी होती. एक अधिकारी बाई लगबगीनं बसच्या दाराशी आल्या.

"या मावशी, सावकाश. तुम्ही पेटवा, आम्ही पाण्याचे पाइप घेऊन मागे उभे राहतो."

"मागे कशाला?" म्हातारी त्यांचा हात धरून खाली उतरली. "माझ्या शेजारी ये, बाळा. वारा कुठला आहे ते आधी दोघी मिळून बघू."