प्रियदर्शनीची पिशवी

...आन वर दवाखान्याची आशाताई मलाच म्हणती, "सुनिताकाकू, पिशवी दारातच ठेवायची हं!" अवो, दारात कशी ठेवू? तुमीच सांगा! तयारी पायजे, मी काय न्हाई म्हनते का?

गेल्या भादव्यात धरणाची दारं उघडली आन सिंदफणा नदी आमच्या ओट्याला लागली. प्रियदर्शनी, माझी लेक, सतरा वर्षांची, बोलत न्हाई, चालत न्हाई, फिट येती तिला... तिला चौघांनी खाटंसकट शाळेत नेलं, आन गोळ्या राहिल्या घरी फडताळात! दोन दिवसांत सात झटके. मी नुसता जप करीत बसले. म्हणून औंदा गावसभेत ठरलं की ज्यांच्या घरी असं माणूस हाय त्यांनी पिशवी भरून ठेवायची. गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, जादा कपडे, सुका खाऊ. मी सोमवार बघून भरली. हळदकुंकू वाहिलं. खाऊला राजगिऱ्याचे लाडू! आशाताई हसली, "काकू, पूर काय एकादशी बघून येतो?" म्हनलं, बाई, आलाच तर उपास मोडाया नको!

तर ती पिशवी दारात ठेवली... आन पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं! खुरडत गेली आन पिशवीवर आडवीच पडली. मला काही उमगंना. मग आमच्या सासूबाई, छबुबाई, वय एक्याऐंशी, एका डोळ्यानं दिसतं, त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या दारात बोचकं आलं की काय होतंय?"

तुमाला सांगते, तवा मला उमगलं. दसरा झाला की तिचा बाप ऊसतोडीला कर्नाटकात. आधी आमी दोघं जायचो, कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागती. ही लहानगी आजीपाशी. दारात बोचकं, मग टेम्पोचा भोंगा, आन आई-बाप सहा म्हैने गायब! पोरीला बोलता येत न्हाई, पर बोचक्याचा अर्थ पक्का कळतो. आता पिशवी देव्हाऱ्याखाली ठेवलीय. तयारी पायजे, मी काय न्हाई म्हनते का?

पर तो कागद! पिशवीत घालायचा. नाव, वय, गोळी किती वाजता, सगळं लिवलं. 'रडल्यास काय करावे?' लिवलं, कपाळावरून हात फिरवावा, देवाची घंटी वाजवावी. आन शेवटची ओळ: 'आई नसताना कोण सांभाळेल? नाव व सही.'

बापाचं नाव सांगितलं, तर ताई म्हणती, "ते सहा म्हैने भाईर, दुसरं सांगा."

दुसरं! भावाला फोन लावला, शिवशंकरला, नेकनूरला. "आक्का, असं वंगाळ कावून बोलती? तुला काय धाड भरलीय? हॅलो... आवाज येईना... हॅलो!" स्टँडसमोर दुकान हाय त्याचं, फोनला समदी रेंज, आन म्हनं आवाज येईना! जाऊबाई, केशरबाई, "बाई गं, माझी कंबर!" त्याच कमरेनं सकाळी सरकीचं पोतं वढत होती! गावचे पुढारी विजयसिंहदादा म्हणाले, "वहिनी, कवाबी हाक मारा!" म्हनलं, दादा, सही? "सहीचं बघू की."

त्यांचं चुकलं असं न्हाई वो... रोज उचलायचं, धुवायचं, भरवायचं. मी आई, मलाच आता दम लागतो.

आंबाजोगाईच्या योगेश्वरीला आधी नवस बोलले, पोरगी बोलू दे. मग म्हनलं, बोलणं राहू दे, चालू दे. आता म्हनते, आई, सहीपुरतं एक माणूस दे! तयारी पायजे... मी काय न्हाई म्हनते का?

काल ताई कागद तपासायला आली. ती ओळ कोरीच. तर कोपऱ्यातनं सासूबाई, "लिव माझं नाव."

ताई म्हणती, "आजी, पूर आला तर तुमालाच कोन उचलनार? तुमचाबी कागद भरायचाय!"

"मंग माझ्या कागदात हिचं नाव लिव."

मी ताईच्या हातातला दुसरा कोरा कागद घेतला, शाईची डबी उघडली. म्हातारीनं हिच्या कागदावर आपला अंगठा उठवला. मी प्रियदर्शनीचं बोट धरून म्हातारीच्या कागदावर टेकवलं. गार शाई लागली तशी पोरगी खुदकन हसली, आजीबी हसली.

ताईनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "काकू, असं न्हाई चालत वो."

म्हनलं, "ताई, सतरा वर्षं झाली, असंच चाललंय."