अगं थांब!

नाही, पण मला एक सांगा, 'हं' हा काय शब्द आहे? अर्थ आहे का त्याला काही? हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, हे 'हं' म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, माझ्या संसाराची जी वाट लागलीय ना, ती या एका 'हं'मुळे!

मी विमानतळाच्या टॉवरवर असतो. तुमची विमानं कुणी कधी उडायचं, कुणी कुठे थांबायचं, ते आम्ही वरून काचेतून बघून सांगतो. आणि आमचा पहिला नियम काय? आम्ही जे सांगू ते वैमानिकानं शब्दन् शब्द परत म्हणायचं. 'ओके' चालत नाही, 'बरं' चालत नाही, 'समजलं' तर मुळीच नाही! अरे, काय समजलं? परत म्हणा! दिवसभर माझं हेच... परत म्हणा! परत म्हणा!

आता बायको माझी वैमानिक. म्हणजे बघा, घरी तिच्या परवानगीशिवाय मला पंखा लावता येत नाही, आणि इथे माझ्या परवानगीशिवाय तिला चाक हलवता येत नाही. तेवढाच काय तो माझा रुबाब!

तर परवा ती म्हणाली, "आई येतेय. बसस्टँडच्या मागच्या दाराशी उभा राहा, पुढच्या नाही." मी मोबाईलमध्ये डोकं घालून म्हटलं, "हं." झालं! मी पुढच्या दाराशी, सासूबाई मागच्या दाराशी बॅगेवर बसलेल्या, उन्हात! घरी आल्यावर बायको फक्त एवढंच म्हणाली, "दिवसभर जगाकडून शब्दन् शब्द परत म्हणवून घेतोस, आणि घरी हं?" आणि तिथून जो अबोला सुरू झाला... दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पण असा ठेवला की कपच बोलला!

पण मी म्हटलं, असू दे! दहा वाजता तुझं विमान माझ्याच टॉवरसमोरून जाणार. तिथे कशी बोलत नाहीस बघतोच! नियमच आहे!

आणि खरंच हो, दहाला आली. तिचा नंबर तीन एक तीन. म्हणजे तीन-तेराच की! तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. मी ऐटीत सांगितलं, "तीन एक तीन, धावपट्टी ओलांडा." तिकडून बर्फासारखा आवाज, "धावपट्टी ओलांडते, तीन एक तीन." अहाहा! किती गोड वाटलं म्हणून सांगू! सकाळपासून पहिलं वाक्य!

त्या आनंदात मी तरंगतोय, तोवर वरून एक परदेशी विमान उतरायला आलं, ठरल्यापेक्षा बरंच लवकर. म्हटलं, हिला थांबवायला हवं. घाईत बोललो, "तीन तीन एक, धावपट्टीच्या अलीकडे थांबा." आलं का लक्षात? एक तीन नाही, तीन एक! तीन तीन एक म्हणजे आमचे घसाकाका! जुने कॅप्टन, बारा महिने सर्दी, लांब कोपऱ्यात आपलं विमान घेऊन उभेच होते बिचारे. त्यांनी रेडिओचं बटण दाबलं आणि नुसतं... "हं."

आता मी काय म्हणायला हवं होतं? परत म्हणा! पण मला वाटलं, ही आमचीच. उट्टं काढतेय. म्हटलं, ठीक आहे बाई, तू हं तर मी पण गप्प! आणि पाहतो तर काय, हिच्या विमानाचं नाक धावपट्टीकडे चाललंय... चाललंयच!

 सगळी नोकरी त्या बटणावर इंग्रजीत बोलण्यात गेली, पण त्या क्षणी एक इंग्रजी शब्द आठवेल तर शपथ. मी ओरडलो, "अगं थांब!"

सगळे थांबले हो! ती थांबली. घसाकाका उभे होते ते आणखी थांबले. खालची सामानाची गाडी थांबली. परदेशी पायलटला तर आपली भाषा येत नाही, तोही उतरायचं सोडून परत वर निघून गेला. लग्न झालेला असणार!  आणि मग तिचा आवाज, शब्दन् शब्द, नियमानुसार, "अगं थांब. थांबते. तीन एक तीन."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लाजत नाही सांगायला. पाठीमागे साहेब विचारतायत, "हे 'अगं' कुठल्या नियमात बसतं?" मी म्हटलं, साहेब, काय कारवाई करायची ती करा, बायको सुखरूप आहे!

संध्याकाळी घरी अबोला संपला. ती हसली, मी हसलो, सासूबाईही हसल्या. ती स्वतः वाढायला बसली. वाढता वाढता म्हणाली, "खरंच घाबरलास ना रे?" मग म्हणाली, "रविवारी आईला सोडायला जायचंय. मागचं दार. ऐकतोयस ना?"

आता तुम्हीच सांगा, माणसाच्या तोंडात घास असला तर माणूस काय म्हणणार?

"हं."

...

तेव्हापासून परत अबोला. काय करता? पण उद्या दहाला तिचं विमान आहे. मी तर ठरवलंय, परवानगी चांगली लांबलचक द्यायची!