तीन स्कॅनर आणि एक पंप

आदरणीय अध्यक्ष पंजाबरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या बँकेच्या पूनम मॅडम, आणि जानेफळच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी भालचंद्र, बसस्टँडसमोरचा औषधवाला. मॅडमच्या गौरवाचे चार शब्द लिहून आणले होते. पण कागद खिशातच राहू द्या. मनात आहे ते बोललो नाही तर आजही घरी जाऊन येरझाऱ्याच घालीन.

मागच्या वर्षी माझ्या काउंटरवर तीन कंपन्यांचे तीन स्कॅनर होते. जो फुकट देईल त्याचा लावला! पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा मात्र एकालाच जोडलेला. एका सोमवारी गर्दीत एका गुरुजींनी पैसे पाठवले. डबा बोलला नाही. मी म्हणालो, "जा गुरुजी, येतील मागून."

पाठोपाठ समताताई आल्या. आईला दमा, पंप हवा होता. त्यांनीही पैसे पाठवले, मोबाइल दाखवला. डबा गप्प. मी पंप परत ओढून घेतला. चारचौघांत म्हणालो, "असे फोटो लय दाखवतात लोक."

त्या एवढंच बोलल्या, "काका, आईले दम लागून राह्यला." आणि निघून गेल्या.

मॅडम रांगेत होत्या. म्हणाल्या, "तुमचा फोन उघडा." उघडला. दुसऱ्या स्कॅनरवर दोन्ही रकमा जमा होत्या. वर समताताईंची, खाली गुरुजींची.

"गुरुजींच्या वेळीही डबा बोलला नव्हता. त्यांना का जाऊ दिलंत?"



दुकान टाकून पंप घेऊन धावलो. घर विचारत पोचलो, तोवर समताताईंनी मेहकरहून येणाऱ्या गाडीवाल्याकडून दुसरा मागवून आईला दिलाही होता. आईची धाप तासाभरानं शमली, तो तास मी ओट्यावर उभा राहून ऐकला. मग त्या बाहेर आल्या, माझ्या हातातला पंप घेतला. "हा माझा हाये. पैसे देल्ले मी." दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम तीन दुपारी माझ्या दुकानात बसल्या. कोण येतं, कसे पैसे देतं, पाहत राहिल्या. मग दोन स्कॅनर काढायला लावले. एकच ठेवला, दुकानाच्या खात्याचा, डबा जोडलेला. कार्डाचं मशीन नको म्हणाल्या, इथं कार्ड काढतं कोण? ज्यांची मुलं पुण्याहून म्हाताऱ्यांच्या औषधाचे पैसे देतात, त्यांना फोनवर लिंक पाठवायची. रोख कधी नाकारायची नाही. आणि डबा गप्प राहिला, तर आधी आपला फोन पाहायचा. गुरुजी असोत की कोणी, रीत एकच.

समताताई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. औषध त्या अजून मेहकरहूनच आणतात. दुकानाच्या दाराशी कोणी थबकलं की मी दचकून वर पाहतो.

मॅडम, तुमची बदली झाली. तुमचे आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. सभागृहानं शांतपणे ऐकलं, ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या सोमवारी मी जे केलं, ते पोटात घाला असं मात्र मी म्हणणार नाही.