काळं इंजिन की हिरवं इंजिन

चहा पाजून तोच किस्सा कितीदा काढून घेणार रे? सांगतो, पण मधे हसायचं नाय.

रेल्वेतली वाफेची इंजिनं मोडीत निघाली, तेव्हाची गोष्ट. पनवेलला आमच्या शेजारच्या कर्णिकसाहेबानं टेबलावर रूळ मांडले आणि वीतवीतभर दोन इंजिनं आणली, एक काळं, एक हिरवं.

"काका, तुम्ही जन्मभर इंजिनात कोळसा मारलात. यातलं चांगलं कुठलं? दुसरं मी परत करणार."

एवढं बोलून तो चहा सांगायला आत गेला. इंजिन हलवायच्या आधी पाणी बघायचं, ही आमची रीत. टाकीचं झाकण सापडेना, म्हणून दोघांच्या धुरांड्यात चमचाभर पाणी ओतलं. हिरव्यानं लगेच बाहेर टाकलं. काळ्यानं सगळं गिळलं.

तो आल्यावर म्हटलं, "काळं ठेवा. पाणी धरतं."

त्याला काय कळलं नाय. त्यानं बटण दाबलं. चर्र झालं आणि काळ्यातून धूर निघाला.

"बघा, पेटलं!"

"अहो काका, ते विजेवर चालतं!"

"मग धुरांडं कशाला लावलंय?"

याचं उत्तर मला अजून कुणी दिलं नाय. उलट बोलणं त्यानंच बंद केलं. खोटं इंजिन देऊन परीक्षा घेतली माझी! माफी त्यानं मागायची हाय, त्या वसंत कर्णिकानं.