अंबरनाथची बाहेरची भिंत

चिंचपोकळीच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर गिरणीतले दोघे बसले होते, धोंडू आणि भिवा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ओरडून दोघांचे घसे बसले होते, पण तोंडं चालूच होती.

"भिवा, अंबरनाथच्या देवळात गेलास म्हणे? अरे, तू तर बौद्ध झालास ना?"

"देवाला नाय गेलो. देऊळ बघायला गेलो, बाहेरून."

"बाहेर काय बघायचं? पिंडी तर आत."

"आयला धोंडू, भिंतभर दगडाच्या बाया आहेत. एकीच्या नेसूची चुणी न् चुणी दिसते. तुमच्या साचेखात्यातल्या मागावर निघेल का असलं तलम?"

"बाया? कुठे?"

"चहूबाजूंनी! कोपरा वळलं की दुसरी, नाचायला पाय उचललेली. वाटतं, आता पैंजण वाजणार."

"मी दर शिवरात्रीला जातो रे."

"आणि दिसल्या नाय?"

"हातात बेल, डोळे पुढच्याच्या पाठीवर. रांगेतून आत, दर्शन झालं की घरी."

"मग अर्धं देऊळ राहिलं की तुझं!"

"तुला बरं सगळं दिसलं."

"माझा आजा देवळाबाहेरच उभा राहायचा, धोंडू. जोहार घालून, मान खाली. मी वर बघितलं, एवढंच."

धोंडू उगाच खोकला.

"येत्या शिवरात्रीला चल माझ्यासंगती."

"आत नाय येणार हां मी."

"आत मी जाईन रे नंतर. आधी तुझ्याबरोबर बाहेरून फिरायचंय. मान वर करून."