आमच्या वाटणीला आलेलं धड

“डॉक्टर आहे हो, पण सांगण्यासारखी नाही.”

आता हे काही माझ्यासाठी नव्हतं. मी दाराबाहेर चपला काढत होते आणि आत सासूबाई शेजारच्या मालनबाईंना माझी ओळख करून देत होत्या, माझ्या पाठीमागे. “सांगण्यासारखी नाही म्हणजे?” मालनबाईंचा आवाज लगेच खाली. “अहो, वयात येणाऱ्या पोरीबाळींचं... ते सगळं. बरं, स्वतः करते ते करते, वर दुसऱ्या डॉक्टरांनाही तेच शिकवते. मी आपलं केसांची डॉक्टर म्हणून सांगते.”

केसांची. तुम्हाला सांगते, एवढा अभ्यास केला, गावोगावच्या शाळांमधून मुलींशी बोलले, आणि इथे सासरी, बरकतपुऱ्यात, मी केसांची! तेव्हापासून भेटेल ती बाई भांग पुढे करते, “बघ गं, किती गळतात.” मी बघते. नवी सून काय करणार? आणि केसच का, तर आमच्या ह्यांच्या मामांचा दिलसुखनगरला केसांचा दवाखाना आहे. माझी सरकारी नोकरी कंत्राटी. ती संपली की तिथली एक खुर्ची माझी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मला सोडून सगळ्यांनी. आता हे कुणाला सांगण्यासारखं आहे का?

आणि नोकरी संपायलाच आली होती, कारण आमचं राज्य फुटलं, एकाची दोन झाली. तुम्ही म्हणाल राज्य फुटण्याचा आणि वयात येण्याचा काय संबंध? मीही तेच विचारलं. पण राज्याची वाटणी म्हणजे आमच्या प्रशिक्षण केंद्राचीही वाटणी. खुर्च्या अर्ध्या, पंखे अर्धे, आणि आमचं एकुलतं एक मॉडेल, प्लास्टिकची बाई, पोट उघडून आतले अवयव हातात घेता येतात अशी... ती आली होती दोन खोक्यांतून, म्हणून धरल्या दोन वस्तू. एक इकडे, एक तिकडे. आमचे साहेब डॉक्टर अप्पाराव, ते स्वतः पलीकडच्या राज्यात निघालेले, मला कसे म्हणतात, “मॅडम, आप परेशान नक्को हो. धड आपका, अंदर का सामान हमारा.”

मी म्हटलं, सर, रिकामं धड घेऊन मी काय शिकवू? “अडजस्ट करो ना मॅडम. नै तो बॅच कॅन्सल.” बॅच कॅन्सल म्हणजे केंद्र बंद, केंद्र बंद म्हणजे दिलसुखनगर, खुर्ची, केस.

नुसती चित्रं दाखव म्हणाल, तर आमचे शिकायला येणारे डॉक्टर तुम्हाला माहीत नाहीत. पोरगी पोट धरून समोर बसलेली असते आणि हे तिच्या आईला विचारतात, तेही पंख्याकडे बघून. चित्र दाखवलं की पंखा. वस्तू हातात दिली की मात्र मान खाली येते, मग एखादा हळूच प्रश्न विचारतो, आणि पुढे कुठेतरी एका पोरीला नीट औषध मिळतं. एवढंच तर माझं काम. पण सांगण्यासारखं नाही ना.

तर बुधवारी बॅच आणि मंगळवारी माझी मंगळागौर. पूजा झाली, सवाष्णींनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, बदाम, आणि प्रत्येकीचं तेच, “लवकर गोड बातमी दे.” म्हणजे बघा हं, ज्या अवयवाचं नाव या घरात काढायचं नाही, त्याच्यासाठीच हा सगळा थाट. आता हे तरी कुणाला सांगण्यासारखं आहे का?

जेवणं झाली, बायका बाहेरच्या खोलीत लवंडल्या, आणि मी आतल्या खोलीत सुई घेऊन बसले. ओटीतला डाळिंबी खण, वातींचा कापूस ठासून भरलेला, दोन्ही बाजूंनी परकराची नाडी आणि नाडीच्या टोकांना एकेक बदाम. खरं सांगू? प्लास्टिकपेक्षा सुरेख झालं होतं.

तेवढ्यात मालनबाई सुपारी शोधत आत आल्या. बघितलं, थबकल्या, आणि सासूबाईंना हाक मारत ओरडल्या, “अहो पद्मावतीबाई, या लवकर, सूनबाई काहीतरी शिवतेय, लहानसं!”

सगळ्या आत. “अगंबाई, टोपडं.” “बांधायला नाड्यासुद्धा लावल्यात.” “आणि टोकाला बदाम. हौशी आहे हो.” “कापूस किती घातलाय, थंडीचा विचार केला वाटतं.” मालनबाईंनी ते नाड्या खाली सोडून असं कौतुकानं उचलून धरलं. सासूबाईंचे डोळे भरले. त्यांनी माझ्या तोंडात साखर घातली, केसांवरून हात फिरवला... गळतात का ते न बघता. इतकं प्रेम या घरात मला अजून मिळालं नव्हतं. गप्प बसले असते तर टोपडं देवापाशी, मी पाटावर, आणि उद्या माझे डॉक्टर पंख्याकडे बघत.

मी साखर गिळली.

“आई, हे टोपडं नाही. गर्भाशय आहे. आपल्या राज्याच्या वाटणीला आलं नाही म्हणून घरी शिवलं, उद्या डॉक्टरांना शिकवायला लागेल. आणि मालनकाकू, तुम्ही उलटं धरलंय.”