गॅसवर धरलेला दांडा

कारंजा गावात कुकर दुरुस्तीच्या दुकानात मी रिंग बदलून घ्यायला थांबलो होतो. पुढच्या शेतकऱ्याने दुकानदारासमोर कुकर ठेवला. दांडा जळून कोळसा झाला होता.

“हे काय केलं, दौलतराव?”

“तडकला होता, कांतीशेठ. गरम केला तं चिकटन म्हनलं. वावरातला पाइप कसा मऊ होते!”

“हे बेकेलाइट हाय. कारखान्यात एकदाच साच्यात तापवून घट्ट करतेत. मंग ते जळते, पन मऊ होत नाही.”

“बायको दुपारच्या गाडीनं माहेराहून येऊन राह्यली. कुकरले हात लावू नका, असं बजावून गेली होती.”

“हा नवा दांडा लावून देतो.”

“हा तं चकाकते! तिले लगेच समजन.”

“मंग काय करू?”

“जरासाक गॅसवर धरा ना.”